एका दुकानाला इतके सर्व्हर कशाला?
ऑनलाइन विक्रीच्या यंत्रणेतील कामांची वाटणी : सभासदांसाठी एक पाठ



कारखान्याची साखर एक व पाच किलोच्या पिशव्यांतून थेट गिऱ्हाइकाला ऑनलाइन विकावी, असा विचार सध्या चालू आहे. त्याचे अंदाजपत्रक गटवार बैठकांतून वाचून दाखवले, तेव्हा सात-आठ सर्व्हरांची यादी ऐकून बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या. "गट ऑफिसात एका कॉम्प्युटरवर सगळ्या गावाची ऊस नोंद बसते, मग साखर विकायला आठ कशाला?" असा प्रश्न आला. प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा आहे, आणि जे कळत नाही त्यावर हात वर करणे बरे नव्हे. म्हणून या अंकात लागवडीचा विषय बाजूला ठेवून आम्ही हा पाठ देत आहोत. आमचे शिक्षण शेतकीचे. पण नोंद, तोडणी, वाहतूक आणि काटा यांची सांगड घालणे हे आमचे रोजचे काम असल्यामुळे, एका कामाचे अनेक भाग कसे पाडतात आणि का पाडतात, एवढे आम्हांस ठाऊक आहे. सर्व्हरांचे प्रकरण त्याहून फार निराळे नाही.

१. सर्व्हर म्हणजे यंत्र की काम?

पहिला घोळ शब्दाचाच आहे. 'सर्व्हर' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक अर्थ यंत्र, म्हणजे रात्रंदिवस चालू ठेवलेला मोठा कॉम्प्युटर. दुसरा अर्थ भूमिका, म्हणजे दुसऱ्याने मागितलेले एक ठरावीक काम करून देणारा प्रोग्रॅम. अंदाजपत्रकातील यादी पुष्कळ वेळा भूमिकांची असते आणि वाचणारा ती यंत्रांची समजतो.

आपल्याकडचेच पाहा. ऊस नोंद घेणे, तोडणीची स्लिप देणे, यार्डात गाड्यांचा नंबर लावणे, काट्यावर वजन करणे, बिल काढणे या पाच भूमिका झाल्या. लहान गुऱ्हाळात एकच माणूस या पाचही करतो. कारखान्यात पाच ठिकाणी माणसे असतात, आणि काट्यावर तर तीन पाळ्यांत मिळून कितीतरी. भूमिका तेवढ्याच, माणसे कमी-जास्त. सर्व्हरांचेही असेच आहे. आठ भूमिका दोन यंत्रांवर बसू शकतात, किंवा एका भूमिकेला दहा यंत्रे लागू शकतात. तेव्हा यादी हातात आली की पहिला प्रश्न हा विचारावा : "या भूमिका आहेत की यंत्रे?"

२. अभ्यासासाठी एक नमुना

हवेत बोलण्यापेक्षा एक खरी यंत्रणा घेऊ. आयबीएम कंपनीने १९९६ मध्ये नेट.कॉमर्स नावाचा ऑनलाइन दुकान चालवण्याचा प्रोग्रॅम बाजारात आणला. पुढे त्याचेच नाव वेबस्फिअर कॉमर्स झाले. २०१९ मध्ये तो नोएडा येथील एचसीएल कंपनीने विकत घेतला आणि आज तो एचसीएल कॉमर्स या नावाने चालतो. मोठमोठे व्यापारी वापरतात तो हा माल. आपण हाच घ्यावा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्यात कामांची वाटणी स्वच्छ दिसते, एवढ्यासाठीच तो शिकवायला घेतला. खिलार बैलाचे गुण सांगितले म्हणजे प्रत्येकाने खिलारच पाळावा असे होत नाही.

जुन्या आवृत्त्यांत दुकानाची पाने दाखवणे आणि पैशांचा व्यवहार करणे ही दोन्ही कामे एकाच भल्यामोठ्या प्रोग्रॅमात होती. २०१७ अखेरच्या नवव्या आवृत्तीपासून त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळ्या 'कंटेनर'मध्ये बसवला. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे साहित्य एकत्र भरलेला डबा. न्याहारी, चटणी, पाणी एकत्र बांधून दिलेली शिदोरी समजा. या शेतावर सोडा की त्या शेतावर, अडत नाही. डबा एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येतो, आणि गरज पडली तर त्याच डब्याच्या चार प्रती चालू करता येतात.

३. पाच किलो साखरेचा प्रवास

आता पुण्यातील एक ताई रात्री नऊ वाजता मोबाइलवरून पाच किलोची पिशवी मागवतात असे समजू. त्यांच्या मागोमाग चालत गेलो की एकेक भूमिका आपोआप भेटते.

वेब सर्व्हर. हे आपले गेट. बाहेरचा माणूस आधी इथेच येतो. ताईंचा मोबाइल आणि दुकान यांच्यातले बोलणे वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून ते सांकेतिक करण्याचे काम इथे होते. चित्रे आणि ठरीव मजकूर इथूनच हातोहात दिला जातो, बाकीची मागणी योग्य ठिकाणी आत पाठवली जाते. गर्दी मोठी असली तर अशी दोन-तीन गेटे ठेवतात आणि त्यांच्यापुढे गाड्या वाटून देणारा एक मुकादम उभा करतात. त्याला लोड बॅलन्सर म्हणतात.

स्टोअर सर्व्हर. दुकानाची पाने मांडून दाखवणारा. कोणती पिशवी वर, कोणती खाली, भाव कुठे, 'विकत घ्या' हे बटण कुठे, हे सारे त्याच्याकडे. त्याच्याजवळ स्वतःचा हिशेब नसतो. तो आतल्या दोघांना विचारून विचारून पान उभे करतो.

सर्च सर्व्हर. त्या दोघांतला पहिला. ताईंनी 'साखर ५ किलो' असे लिहिले की हा क्षणात उत्तर देतो. कारण तो मूळ वह्या चाळत बसत नाही. त्याने आधीच अनुक्रमणिका करून ठेवलेली असते. जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी, कोणता शब्द कोणत्या मालाच्या नावात आहे याची. ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की अनुक्रमणिका ही नक्कल आहे. मूळ वहीत बदल झाल्यावर ती नव्याने करावी लागते. तेवढ्या वेळात शोधात दिसणारी शिल्लक थोडी शिळी असू शकते. २०२० च्या ९.१ आवृत्तीत हे काम आणखी फोडले : अनुक्रमणिका तयार करणारा वेगळा आणि तिच्यातून उत्तर देणारा वेगळा. मालाची भरती चालू असताना गिऱ्हाइकाचा खोळंबा होऊ नये, हा त्यामागचा उद्देश.

ट्रान्झॅक्शन सर्व्हर. हा दुसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा. हा आपला वजनकाटा. पिशवी टोपलीत टाकली, भाव लागला, कर लागला, सवलत वजा झाली, गोदामात माल खरोखर आहे का ते पाहिले, ऑर्डरला नंबर पडला, हे सगळे इथे. यार्डात कुणी किती टन उसाचा अंदाज सांगितला तरी बिल काट्यावरच्या वजनाने निघते. तसेच शोधात काहीही दिसो, खरी शिल्लक आणि खरा भाव ट्रान्झॅक्शन सर्व्हर सांगेल तोच.

डेटाबेस. ही मूळ खतावणी. डेटाबेसचा एक नियम फार मोलाचा आहे : एका व्यवहारातल्या सगळ्या नोंदी एकदम पक्क्या होतील, नाहीतर एकही होणार नाही. साठ्यातून पिशवी वजा झाली पण ऑर्डर लिहिली गेली नाही, असे अर्धवट काम तो ठेवत नाही. गोदामात शेवटची एकच पिशवी राहिली आणि ताई व नाशिकचे एक दादा यांनी एकाच क्षणी बटण दाबले, तरी डेटाबेस त्या नोंदीला कुलूप घालतो, एकाचे काम पुरे करतो आणि मगच दुसऱ्याला पाहू देतो. दुसऱ्याला 'माल संपला' असे उत्तर जाते. एक पिशवी दोघांना विकली जात नाही.

कस्टमायझेशन सर्व्हर. प्रत्येक दुकानाचे काही खास नियम असतात. समजा, सभासदाला ओळखपत्रावर सवलतीची साखर द्यायची आहे. हा नियम मूळ प्रोग्रॅमात घुसडला तर पुढची आवृत्ती आल्यावर सगळी उसनवारी पुन्हा करावी लागते. म्हणून असे खास नियम वेगळ्या डब्यात ठेवतात. मूळ प्रोग्रॅम गरजेपुरता त्याला विचारतो आणि पुढे जातो.

युटिलिटी सर्व्हर. पडद्यामागचा कामाठी. हजारो मालांची यादी एकदम भरणे, जुन्या सोडून दिलेल्या टोपल्या साफ करणे, तयार झालेला मजकूर विक्रीच्या जागी नेणे, ही कामे याची. गिऱ्हाइकाला हा कधी दिसत नाही. पण तो बंद राहिला तर महिना-दोन महिन्यांत दुकान कचऱ्याने तुंबते आणि मंद होते. यार्ड झाडणारा आठवडाभर आला नाही तर पाचटाने काय होते, ते आपण जाणतोच.

पेमेंट गेटवे. हा दुकानाचा नव्हेच. ताईंच्या बँकेतून पैसे घेणारी ही बाहेरची संस्था. दुकान तिच्याशी निरोपाने बोलते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्यावरच येणार आहोत.

याखेरीज 'कॅश' नावाची एक सोय असते. इथे रोकड नव्हे. वारंवार लागणारे उत्तर हाताशी ठेवण्याची जागा. पाच किलोच्या पिशवीचे पान तासाला हजार जण पाहत असतील तर दर वेळी ते नव्याने कशाला रांधायचे? एकदा केलेले वाढायचे. यामुळे डेटाबेसवरचा ताण पुष्कळ उतरतो. मात्र भाव बदलला की शिळे पान फेकून देण्याची व्यवस्था चोख हवी.

४. तयारीची जागा वेगळी, विक्रीची वेगळी

या नमुन्यात आणखी एक विभागणी आहे आणि आमच्या मते ती सर्वांत शहाणपणाची आहे. एकूण यंत्रणेचे दोन वाडे असतात. एक तयारीचा, दुसरा चालू विक्रीचा. भाव, चित्रे, सवलती यांचे सगळे काम कचेरीतले लोक तयारीच्या वाड्यात करतात. तिथे ते पान गिऱ्हाइकाला जसे दिसेल तसे पाहतात, वरिष्ठ मंजुरी देतात आणि मगच युटिलिटी सर्व्हर ते विक्रीच्या वाड्यात नेऊन ठेवतो. दोन्ही वाड्यांचे डेटाबेस वेगळे.

याचा उपयोग काय? समजा, पाच किलोच्या पिशवीचा भाव २२५ रुपये लिहायचा होता आणि घाईत टिंब पडून २२.५० झाला. चालू दुकानातच लिहिण्याची पद्धत असेल तर पुढच्या क्षणापासून साखर दहाव्या भावात जायला लागते, आणि अशी बातमी मोबाइलवरून पसरायला वेळ लागत नाही. पाचशे पिशव्या गेल्या तर एक लाख एक हजार दोनशे पन्नास रुपयांची खोट. तयारीचा वाडा असला तर ते टिंब मंजुरी देणाऱ्याच्या नजरेस पडायला निदान एक संधी मिळते. बॉयलर पेटवल्यावर आपण लगेच मोळी टाकत नाही; आधी रिकामी मिल फिरवून पाहतो. तीच ही रीत.

५. कामे वाटल्याने काय मिळते, आणि काय गमावते

वाटणीची तीन कारणे आहेत. पहिले, प्रत्येक कामाचा भार वेगळा असतो. दुकानात वीस जण डोकावतात तेव्हा एक जण घेतो. म्हणजे पाने दाखवण्याचा भार मोठा आणि ऑर्डर लिहिण्याचा लहान. दिवाळीत पाने दाखवणारे डबे चार केले आणि व्यवहाराचा एकच वाढवला, असे करता येते. दुसरे, सुरक्षितता. रस्त्यावर फक्त गेट दिसते. खतावणी आतल्या खोलीत, जिथे बाहेरून थेट वाट नाही. तिसरे, एका भागाचे दुखणे दुसऱ्याला लागत नाही. शोध बंद पडला तरी टोपलीत माल असलेल्या गिऱ्हाइकाला पैसे भरता यावेत, अशी रचना करता येते.

पण नाण्याची दुसरी बाजू पुरवठादार सहसा सांगत नाही, ती आम्ही सांगतो. हिशेब करून पाहा. वर्षाचे तास ८,७६०. एखादे यंत्र शंभरात नव्याण्णव वेळ चालते म्हटले तर ऐकायला बरे वाटते, पण वर्षात ते सुमारे ८८ तास, म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक बंद असते. आता एकापुढे एक अशी पाच यंत्रे लावली आणि ऑर्डरला पाचही लागत असली, तर कोणतेही एक पडले की दुकान बंद. मिलच्या टँडेमसारखेच हे. पाच वेळा ०.९९ चा गुणाकार केला की ०.९५१ येतात. म्हणजे वर्षात जवळजवळ अठरा दिवस दुकान बंद! नुसती वाटणी केल्याने यंत्रणा मजबूत झाली नाही, उलट कमजोर झाली.

उपाय कोणता? प्रत्येक जागी जोडी. एक पडले तर दुसरे काम ओढते. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा संभव शंभरातल्या एकाचा शंभरावा भाग, म्हणजे दहा हजारांत एक. अशा पाच जोड्या एकापुढे एक लावल्या तर वर्षात बंद राहण्याचा वेळ साडेचार तासांच्या आत येतो. अठरा दिवसांचे साडेचार तास! यादीत आकडे फुगतात ते या जोड्यांमुळे. तो खर्च उगाच नसतो.

मात्र या गणितात एक अट दडलेली आहे. दोन्ही यंत्रांची दुखणी वेगवेगळी असली पाहिजेत. विहिरीवर दोन मोटारी बसवल्या आणि दोन्ही एकाच डीपीवर असल्या, तर डीपी जळाल्यावर दुसऱ्या मोटारीचा उपयोग काय? तसेच दोन सर्व्हर एकाच खोलीत, एकाच वीजपुरवठ्यावर, एकाच जोडणीवर असतील तर जोडी नावापुरती.

डेटाबेसच्या बाबतीत आणखी सावध राहावे. पाने दाखवणारे डबे कितीही करता येतात, पण खतावणी एकच हवी. दोघांनी दोन वह्यांत एकाच वेळी लिहिले तर मेळ बसणार नाही. म्हणून एक मुख्य डेटाबेस आणि त्याची बरहुकूम नक्कल करत राहणारा एक राखीव, अशी पद्धत असते. आणि राखीव म्हणजे बॅकअप नव्हे, बरं का! मुख्य वहीत कुणी चुकून पाने फाडली तर राखीवातूनही ती त्याच क्षणी फाटतात, कारण त्याचे कामच नक्कल करणे. बॅकअप म्हणजे कालच्या, परवाच्या तारखेची वेगळी प्रत, वेगळ्या जागी ठेवलेली, आणि अधूनमधून तिच्यापासून डेटाबेस पुन्हा उभा करून पाहिलेली. न तपासलेला बॅकअप आणि न उगवून पाहिलेले बेणे, दोन्हींवर भरवसा ठेवू नये.

६. पैसे गेले, ऑर्डर नाही

ऑनलाइन खरेदी करणाऱ्या बहुतेक सभासदांनी हा अनुभव घेतला असेल : खात्यातून पैसे वजा, आणि दुकान म्हणते ऑर्डर झालीच नाही. हे का होते ते आता समजायला सोपे आहे. डेटाबेसचा 'सगळे किंवा काहीच नाही' हा नियम त्याच्या स्वतःच्या वहीपुरता. ताईंची बँक ही दुसऱ्याची वही. दुकान गेटवेला सांगते, गेटवे बँकेला, बँक पैसे वजा करून होकार देते, आणि तो होकार दुकानापर्यंत पोहोचण्याआधीच तार तुटते. आता बँकेच्या वहीत खर्च आहे, दुकानाच्या वहीत काहीच नाही.

चांगल्या यंत्रणेत याला तीन बंदोबस्त असतात. एक, पैसे मागण्याआधीच ऑर्डर 'पैशाच्या प्रतीक्षेत' म्हणून लिहून तिला नंबर देणे, आणि तोच नंबर गेटवेला पाठवणे. दोन, त्याच नंबरची मागणी पुन्हा आली तर पैसे पुन्हा न घेता आधीचेच उत्तर देणे. त्यामुळे घाबरून बटण दोनदा दाबले तरी पैसे एकदाच जातात. तीन, ठरावीक वेळाने दुकानाची वही आणि गेटवेची वही ताडून पाहणे, आणि ज्यांचे पैसे आले पण ऑर्डर पक्की नाही त्यांचा निकाल लावणे. काट्याचे दिवसाचे वजन आणि बिलांची बेरीज आपण ताडून पाहतो, तसेच हे. हे काम पडद्यामागच्या सर्व्हरचे, म्हणून खर्च कापताना लोकांची कात्री आधी त्याच्यावर पडते. आणि नेमके त्यामुळेच गिऱ्हाइकाचे पैसे लटकतात.

याबाबत रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने मुदती घालून दिल्या आहेत. कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना खात्यातून पैसे गेले पण दुकानाला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. युपीआयने दुकानदाराला दिलेल्या पैशालाही तीच पाच दिवसांची मुदत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. सभासदांनी हे गिऱ्हाईक म्हणूनही ध्यानात ठेवावे. पडद्यावर गोल फिरत राहिले तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आधी बँकेचा संदेश आणि ऑर्डरची यादी पाहावी, व्यवहाराचा नंबर टिपून ठेवावा.

आणि दुकानदार म्हणून दोन बंधने. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानाला गिऱ्हाइकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर आपल्या डेटाबेसमध्ये साठवता येत नाही. त्याऐवजी 'टोकन' म्हणजे बदली नंबर वापरावा लागतो. चोराने खतावणी नेली तरी त्यात तिजोरीची किल्ली नसावी, असा हा विचार. दुसरे, ई-कॉमर्सबाबतच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रार आल्यावर ४८ तासांत तिची पोच आणि एका महिन्याच्या आत निवारण करावे लागते. म्हणजे सर्व्हर आठ घेतले आणि तक्रार घेणारा माणूस एकही नेमला नाही, तर यंत्रणा अपुरीच.

७. आपल्याला किती लागतील?

आता मूळ मुद्दा. समजा, आपल्या दुकानात दिवसाला २०० ऑर्डरी येतात. वीस पाहणाऱ्यांत एक घेणारा धरला तर ४,००० जण येऊन जातील. प्रत्येकाने वीस पाने पाहिली तर ८०,००० पाने. त्यांतली निम्मी संध्याकाळच्या चार तासांत पाहिली गेली असे धरू. ४०,००० भागिले १४,४०० सेकंद, म्हणजे सेकंदाला तीन पानेही नाहीत. दिवाळीत दहापट झाली तरी अठ्ठावीस. हा भार एखाददुसऱ्या साध्या यंत्राला पेलण्याजोगा आहे.

म्हणजे बैठकीत विचारणाऱ्याचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. आठ भूमिकांसाठी आठ यंत्रे पहिल्या दिवशी विकत घेण्याचे कारण नाही. वेब, स्टोअर, सर्च आणि व्यवहार हे डबे सुरुवातीला दोन यंत्रांवर जोडीने बसू शकतात. यंत्रे विकत घेण्याऐवजी भाड्याने मिळतात. सणापुरती वाढवून पुन्हा कमी करता येतात. ऊसतोडीच्या हार्वेस्टरचे गणित आपण जसे करतो, घ्यायचा की भाड्याने आणायचा, तसेच हेही करावे.

पण निम्मे म्हणणे बरोबर नाही. काही वाटण्या पहिल्या दिवसापासून हव्यातच, दुकान कितीही लहान असो. तयारीची जागा विक्रीपासून वेगळी. डेटाबेस रस्त्यापासून आत, आणि त्याचा बॅकअप दुसऱ्या जागी. पैशांचा मेळ घालणारे काम रोज, न चुकता. यांतली कोणतीही गोष्ट कापून वाचवलेला पैसा हा बांध न घालता वाचवलेल्या मजुरीसारखा असतो. पहिल्या वळवाच्या पावसापर्यंतच तो वाचलेला दिसतो.

८. सभेत विचारायचे प्रश्न

अंदाजपत्रक सभेपुढे येईल तेव्हा सभासदांनी हे प्रश्न जरूर विचारावेत. उत्तरे साध्या मराठीत मागावीत. ज्याला काम समजले आहे त्याला ते साध्या भाषेत सांगता येते.

(१) यादीतील आकडे भूमिकांचे आहेत की यंत्रांचे? कोणत्या भूमिका एकत्र बसवता येतील?
(२) दिवसाला किती ऑर्डरी धरल्या आहेत, आणि त्या कशावरून?
(३) कोणत्या भूमिकेला जोडी आहे? जोडीतली दोन्ही यंत्रे एकाच वीजपुरवठ्यावर तर नाहीत?
(४) भाव बदलणारा कोण आणि मंजुरी देणारा कोण? दोघे वेगळे आहेत ना?
(५) बॅकअप कुठे राहतो, आणि त्यापासून सगळे पुन्हा उभे करून शेवटचे केव्हा पाहिले?
(६) पैसे आले पण ऑर्डर नाही, असे व्यवहार किती तासांनी ताडले जातात?
(७) गिऱ्हाइकांची आणि ऑर्डरींची माहिती कुणाच्या मालकीची? पुरवठादार बदलला तर ती पूर्ण आपल्या हाती मिळेल, असे करारात लिहिले आहे का?

शेवटचा प्रश्न लहान दिसतो, पण वजनदार आहे. यंत्रे भाड्याची असोत, प्रोग्रॅम दुसऱ्याचा असो. खतावणी आपली असली पाहिजे. कोणता सभासद, कोणता गट, किती टन, ही नोंदवही कारखान्याने कधी दुसऱ्याच्या घरी ठेवली नाही. साखर विकत घेणाऱ्याची नोंदवहीही तितकीच आपली आहे.

शंका असल्यास आपल्या गट ऑफिसात लेखी द्याव्यात. पुढील अंकात त्यांची उत्तरे देऊ. आणि जाता जाता : खोडव्यातील पाचट जाळू नका, सरीआड सरीत दाबा.

कळावे,
ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग